३२६ चं ३२५ होईपर्यंत

जून २०२१, पेरणीचे दिवस. बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावात बांधावरून भांडण झालं आणि धाकट्या भावाने चुलत्याच्या हातावर काठी मारली. तात्यांच्या करंगळीचं हाड मोडलं. मारलं हे चूकच, मी तेव्हाही भावाला तोंडावर सांगितलं. पण गुन्हा नोंदला गेला तो तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३२६ खाली: धोकादायक हत्याराने गंभीर दुखापत, जन्मठेपेपर्यंत शिक्षा, अजामीनपात्र.

हाड मोडलं की दुखापत गंभीरच, मग ते करंगळीचं का असेना. त्यावर वाद नव्हता. वाद होता काठीचा. वकीलसाहेबांनी समजावलं, ३२६ साठी हत्यार गोळी झाडायचं, भोसकायचं, कापायचं लागतं, नाहीतर मारलं तर जीव जाण्याचा संभव असलेलं. तसं नसेल तर ३२५: सात वर्षांपर्यंत शिक्षा, पण जामीनपात्र. त्या एका आकड्यापायी भाऊ अकरा दिवस आत होता.

खटल्यात पंचनामा वाचला गेला. वेळूची काठी, बैलं हाकायची, अंगठ्याएवढी जाड. उलटतपासणीत डॉक्टरांनी मान्य केलं की जखम कठीण व बोथट वस्तूने झालेली आहे, आणि जप्त काठी त्यांना कुणी दाखवलीच नव्हती. तरीही तालुक्याच्या कोर्टाने ३२६ धरून दोन वर्षं दिली. त्या रात्री आई जेवली नाही.

सत्र न्यायालयात अपील केलं, शिक्षेला स्थगिती मिळाली. तिथे वकीलसाहेबांनी मथाई विरुद्ध केरळ राज्य हा २००५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ठेवला. त्यात मार दगडाचा होता. वस्तू धोकादायक आहे की नाही हे त्या-त्या प्रकरणातल्या पुराव्यावरून ठरवायचं, असं सांगून कोर्टाने ३२६ चं ३२५ केलं होतं. मी ते पान मोबाईलवर कितीदा वाचलं असेल! आमच्या न्यायाधीशांनीही ३२५ च धरलं.

आणि मग जे आधी होऊच शकत नव्हतं ते झालं. ३२६ मध्ये तडजोड चालत नाही. ३२५ मध्ये कोर्टाच्या परवानगीने, जखमी माणसाची तयारी असेल तर चालते. आता नव्या भारतीय न्याय संहितेत ३२५ चं ११७ आणि ३२६ चं ११८ झालंय, आमचं प्रकरण जुन्यातलं. मी तात्यांकडे गेलो, ओसरीवर बसलो. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पोरानं येऊन माझ्या पाया पडायचं. आन् बांध मोजणीवाला सांगंल तिथं."

भाऊ त्याच संध्याकाळी गेला. पुढच्या तारखेला तात्यांनी अर्जावर सही केली. करंगळी अजून पुरती वाकत नाही त्यांची.