आमची वाटचाल : लाल रिबीन कुठल्या हाताला?

सांगलीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या फिजिओथेरपी क्लिनिकात सुरुवातीची वर्षं गुडघे आणि कंबर यांतच गेली. कण्याला एका बाजूला बाक (स्कोलिओसिस) असलेली मुलं क्वचित यायची, आली तरी टिकायची नाहीत. जत-आटपाडीहून एसटीनं यायचं म्हणजे मुलीची शाळा बुडते आणि आईची मजुरीही. तीन खेपा झाल्या की फोन उचलणं बंद.

एक तर हे उशिरा कळतं, कारण सहसा दुखत नाही. ड्रेसचं माप घेताना शिंपी म्हणतो, हिचा एक खांदा खाली आहे. मग "दप्तरामुळं झालं का हो मॅडम?" आणि पाठोपाठ, मुलीसमोरच, "लग्नाचं कसं?" दप्तराचा काही संबंध नाही. ऐन वाढीच्या वयातल्या या बाकाचं कारण बहुतेकदा सापडतच नाही, हे मी आजवर किती आयांना सांगितलं असेल!

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा अशा चार मुली आमच्याकडे होत्या. मी स्वतः व्यायाम करून व्हिडिओ काढले, व्हॉट्सॲपवर पाठवले आणि निर्धास्त झाले. दोन आठवड्यांनी एकीला व्हिडिओ कॉलवर म्हटलं, "दाखव बघू करून." तिनं मन लावून केलं, पण नेमकं उलट्या बाजूनं. मी कॅमेऱ्याकडे तोंड करून केलेलं तिनं आरशात बघावं तसं उचललं होतं. साध्या व्यायामात डावं-उजवं चुकलं तर एवढं बिघडत नाही. इथं मात्र बाकाच्या खोलगट बाजूच्या बरगड्यांत श्वास भरून त्या फुलवायच्या असतात, आणि पोरगी रोज फुगीर बाजूच फुगवत होती. चूक सर्वस्वी माझी. तिच्या आईला तसं सांगितलं आणि ते व्हिडिओ काढून टाकले.

दुसऱ्या दिवसापासून मुलीच्या उजव्या मनगटाला लाल रिबीन. फोन डब्यावर, कमरेच्या उंचीला, मुलगी पाठमोरी. तिला स्क्रीन दिसत नाही, म्हणून सगळं कानावर: "लाल हात वर, आता दुसऱ्या बाजूला श्वास, अजून, सोड." क्लिनिकातल्या शिडीऐवजी खिडकीचे गज आणि उशीऐवजी तांदळाची पुरचुंडी. ही पुरचुंडी आमची अक्कल नव्हे. श्वासाची ही पद्धत बसवणाऱ्या जर्मनीच्या कातारिना श्रोथ यांच्या परंपरेत तांदळाच्या पिशव्या आहेतच. त्यांना स्वतःलाही बाक होता. १९२१ मध्ये माइसेनला त्यांनी रुग्ण घ्यायला सुरुवात केली.

लॉकडाऊन उठला तरी आम्ही हे चालू ठेवलं. पहिली तपासणी आणि एक्स-रे मात्र प्रत्यक्षच. ते मोबाईलवर होत नाही. मधल्या काळात मुलगी पुढं वाकते, आई दोन्ही अंगठे कण्याच्या दोन बाजूंना टेकवून त्यांवर फोन आडवा धरते आणि पाठ किती तिरकी आहे तो ॲपमधला आकडा वाचते. सेशन आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, ट्यूशननंतर. कॉलवर फक्त आम्ही दोघी फिजिओ, खोलीत आई किंवा आजी, रेकॉर्डिंग अजिबात नाही. या वयात पाठ दाखवायची म्हणजे मुलींना मेल्याहून मेल्यासारखं होतं. ही अट नसती तर निम्म्या दुसऱ्याच दिवशी गळल्या असत्या.

काही गिऱ्हाइकं आम्ही परत पाठवली, तेव्हा हिशेब बघणारे आमचे हे वैतागले होते. एका वडिलांना मुलीचा ब्रेस, म्हणजे बाक वाढू नये म्हणून धडाला बांधायचा कडक पट्टा, सोडवून घ्यायचा होता: "व्यायाम देताय ना, मग ब्रेस कशाला?" बाक ३२ अंशांचा, मुलगी तेरा वर्षांची, उंची वाढतेय. त्यांना अमेरिका-कॅनडातला २०१३ चा अभ्यास सांगितला: ब्रेस वापरणाऱ्यांपैकी ७२ टक्के मुलांचा बाक वाढ संपेपर्यंत ५० अंशांच्या आत राहिला, नुसतं लक्ष ठेवलेल्यांत ४८ टक्के. व्यायाम ब्रेसच्या जोडीला, त्याच्या जागी नाही. ते उठून गेले. चार महिन्यांनी मुलीच्या आईचा फोन आला, डॉक्टरांनी पुन्हा ब्रेसच सांगितला होता. आता ती मंगळवार-शुक्रवार साडेआठला असते.

दहावीच्या वर्षी फेब्रुवारी उजाडला की मुली गायब होतात, यावर मात्र अजून तोड सापडलेली नाही. यंदा त्या दोन महिन्यांची फी घ्यायची नाही आणि सेशन दहा मिनिटांचं करायचं असं ठरवलंय. आमच्या ह्यांना अजून सांगितलेलं नाही.