नानांच्या रेडिओतली घरघर आणि मागच्या गल्लीतला खांब

“आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.” वीज कार्यालयाचा हा मेसेज माझ्या मोबाईलवर आला तेव्हा मी ओट्यावर गहू निवडत होते आणि आत नानांच्या रेडिओत घर्रर चालूच होती. कोणी आलं नव्हतं, कोणी खांब पाहिला नव्हता, साधा फोनसुद्धा केला नव्हता. आज रेडिओ स्वच्छ वाजतो, तरी तो मेसेज आठवला की डोकं तापतं. म्हणून हे लिहिते आहे. ज्यांच्या घरी रेडिओ ऐकणारं म्हातारं माणूस आहे त्यांना उपयोग व्हावा.

नाना म्हणजे माझे सासरे. आमचं गाव अमळनेर तालुक्यात, बोरी नदीच्या काठाला. काचबिंदूनं नानांची दोन्ही डोळ्यांची नजर गेली. टीव्हीचा त्यांना उपयोग नाही आणि गाण्यांची आवड पहिल्यापासून नाही. त्यांना माणूस बोलताना ऐकायला लागतं. पहाटे केंद्र सुरू होतानाची ती जुनी धून लागली की ते बाजेवर उठून बसतात. मग चिंतन, मग 7 वाजून 10 मिनिटांच्या पुण्याच्या प्रादेशिक बातम्या. दुपारी पुन्हा बातम्या. संध्याकाळी शेतकऱ्यांचा कार्यक्रम, त्यात हवामान आणि बाजारभाव. आमची शेती आता माझे मालक बघतात, पण कापसाचा भाव घरात सगळ्यात आधी नानांना माहीत असतो. सातला मुंबईच्या बातम्या. आणि रात्री नाटक असेल तर जेवण लवकर. नभोनाट्य असो, श्रुतिका असो, नाहीतर विविध भारतीवरचं ‘हवामहल’ असो, त्या वेळात घरात भांडं वाजलेलं त्यांना चालत नाही. पूर्वी रात्री मुंबई लागायची तेव्हा ‘पुन्हा प्रपंच’ ही श्रुतिकांची मालिका ऐकल्याचं ते अजून सांगतात. प्रभाकर जोशींचे टेकाडे भावजी, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी, बाळ कुडतरकरांचे पंत. तिघांचे आवाज काढून दाखवतात.

अशा माणसाच्या रेडिओत एका उन्हाळ्यात घरघर शिरली. जळगाव केंद्र मीडियम वेव्हवर 963 किलोहर्ट्झला आहे, तिथे तर होतीच. काटा 792 वर पुण्याकडे नेला तरी होती, 648 वर इंदूरकडे नेला तरी होती. बातम्या कशातरी कळायच्या, कारण एकच माणूस सारख्या आवाजात वाचत असतो आणि सुटलेला शब्द अंदाजानं भरता येतो. नाटकाचं तसं नसतं. नाटकात कोणीतरी हळू आवाजात बोलतं, दार लागतं, पावलं वाजतात, मध्ये क्षणभर कोणीच बोलत नाही, आणि सगळं नाटक त्यातच असतं. घरघरीनं नेमकं तेवढंच खाल्लं. “काहीच समजस नही,” म्हणून नाना नाटक अर्ध्यात बंद करायला लागले. ज्या घरात नाटकासाठी जेवणाची वेळ बदलते तिथे हे किती मोठं आहे हे बाहेरच्याला कळणार नाही.

सगळ्यांनी सल्ला दिला की मोबाईलवर ऐकवा. आकाशवाणीचं ‘न्यूज ऑन एअर’ ॲप चांगलं आहे, आवाजही स्वच्छ येतो. पण काचेच्या सपाट पडद्यावर आंधळ्या माणसानं बोट कुठे ठेवायचं? दर वेळी कोणीतरी लावून द्यायला हवं. रेडिओचं बटण नानांच्या हातात आहे. डायलवर जळगाव जिथे लागतं तिथे मी एम-सीलचा बारीक ठिपका लावला आहे. आधी टिकली लावली होती, ती घामानं निघायची. बोटानं ठिपका चाचपतात आणि काटा बरोबर तिथे आणतात. आपल्या हातानं रेडिओ लावणं त्यांना सोडायचं नव्हतं, आणि मलाही ते सोडायला लावायचं नव्हतं.

रेडिओ अमळनेरला मेकॅनिककडे नेला. त्याच्या दुकानात तो ठणठणीत वाजला. म्हातारा मेकॅनिक जाणकार निघाला. म्हणाला, “ताई, सेट चांगला आहे, तुमच्या घराजवळ काहीतरी आहे. सेल टाकून लावा, घराचा मेन स्विच बंद करा आणि ऐका.” केलं. चार्जर आणि सेट टॉप बॉक्सच्या अडॅप्टरची बारीक किरकिर गेली. (ती प्रत्येक घरात असते, रेडिओ त्यांच्यापासून लांब ठेवा.) मोठी घर्रर तशीच राहिली. मग गावाची लाईट गेली आणि त्या क्षणी रेडिओ धुतल्यासारखा स्वच्छ झाला. लाईट आली, घरघर आली. म्हणजे दोष घरातला नाही, बाहेरच्या लाईनवरचा. तेव्हापासून नाना लाईट जायची वाट बघायला लागले. पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हाळ्यात धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या घरात एक म्हातारा माणूस पंखा बंद व्हायची वाट बघतो, का, तर नाटक नीट ऐकू यावं. हे मला सहन होईना.

मेकॅनिकनं आणखी एक सांगितलं होतं. मीडियम वेव्हचा अँटेना आतच असतो, आडव्या काडीसारखा. रेडिओची लांब बाजू केंद्राकडे केली की आवाज मोठा येतो, आणि टोक ज्या दिशेला केलं तिकडचा आवाज कमी होतो. सेट हळूहळू फिरवला की घरघर कुठून येते हे कळतं. आमच्याकडे जळगाव पूर्वेला आणि घरघर पश्चिमेकडून, मागच्या गल्लीतून. दोन्ही एकाच रेषेत. घरघरीकडे टोक केलं की जळगावही जायचं. तुमच्याकडे दिशा वेगळ्या असतील तर नुसता रेडिओ फिरवून निम्मं काम होईल, आधी ते करून बघा. मी रेडिओ हातात घेऊन मागच्या गल्लीत गेले. मीडियम वेव्हवर आवाज सगळ्या तारांखाली सारखाच येतो, कारण तो तारेवरून लांबवर जातो. शॉर्ट वेव्हच्या वरच्या टोकाला काटा नेला तर तो जवळून जोरात आणि लांबून बारीक येतो. तसं करत करत एका खांबाखाली येऊन थांबले. वरून मोठी लाईन जाते. चिनी मातीचे इन्सुलेटर, त्यातला एक थोडा कललेला.

इथपर्यंत सगळं भराभर झालं. पुढे वीज कार्यालय.

खिडकीवरच्या माणसानं विचारलं, “लाईट आहे का?” म्हटलं, आहे. “व्होल्टेज?” बरोबर आहे. “बिलाचं काही?” नाही. “मग तक्रार कसली?” मी सांगितलं, खांबावर कुठेतरी ढिलं आहे, त्यामुळे रेडिओत घरघर येते. त्यानं शेजारच्याकडे पाहिलं, शेजारचा हसला. “ताई, रेडिओ कोण ऐकतं आता? नवा घेऊन टाका.” मी म्हटलं, नवा घेतला तरी घरघर तीच येणार. “घरातल्या माणसाला पाठवा.” घरातलं माणूस मीच आहे, असं सांगून मी अर्ज पुढे केला. त्यानं घेतला आणि फायलीखाली सरकवला. पोच मागितली तर म्हणाला, साहेब आल्यावर. साहेब आले, ते साईटवर निघाले होते. कॉम्प्युटरमध्ये तक्रार टाकायची तर आधी प्रकार निवडावा लागतो: पुरवठा बंद, कमी दाब, मीटर, बिल. यातलं माझं काहीच नव्हतं. शेवटी त्यानं ‘पुरवठा बंद’ निवडलं. मी म्हणत होते की पुरवठा चालू आहे, तो म्हणत होता की दुसरं काही येत नाही. झालं असं की वर कोणीतरी बघितलं, या फिडरवर (आमच्या भागाला वीज देणाऱ्या लाईनवर) पुरवठा चालू आहे, आणि तक्रार निकाली. तोच तो मेसेज.

पुन्हा गेले तर कार्यालयात तक्रार नावालाही शिल्लक नव्हती. निकाली निघालेली तक्रार उघडता येत नाही, नवी करा. नवी केली, तिचंही तेच झालं. दर खेपेला बसचं भाडं, उन्हात स्टँडपासून पायपीट, आणि खिडकीवर नवा माणूस असेल तर अँटेनापासून सगळी कथा पहिल्यापासून. एकानं तर सांगितलं की रेडिओचं आकाशवाणीला जाऊन सांगा. आकाशवाणी काय करणार? त्यांच्याकडून कार्यक्रम चांगलाच निघतो, बिघडतो तो आमच्या गल्लीत. मला राग हसण्याचा आला नाही. ढिली तार ही रेडिओची भानगड नाही, तो लाईनचाच दोष आहे. आज तिथे घरघर आहे, उद्या तार तुटून खाली पडू शकते, आणि त्या गल्लीत पोरं खेळतात. रेडिओ त्यांना फुकटात त्यांचा दोष दाखवत होता आणि ते रेडिओ फेकायला सांगत होते.

यातून वाट निघाली ती शेजारच्या जिजीमुळे. तिनं सहज सांगितलं की रात्री धाब्यावर झोपलं की त्या खांबावर निळसर काहीतरी चमकतं. त्या रात्री मी वर जाऊन बसले. अंधारात, वारा आला की, कललेल्या इन्सुलेटरपाशी बारीक निळी ठिणगी. खाली ओट्यावर नानांचा रेडिओ लावून ठेवला होता. ठिणगी दिसली की घर्रर. मोबाईलवर दोन्ही एकत्र टिपलं, ठिणगी आणि आवाज.

दुसऱ्या अर्जात मी रेडिओचा शब्द शेवटी टाकला. पहिली ओळ अशी: “आमच्या घरामागील खांबावर रात्री ठिणग्या पडतात, तार तुटून जीवितहानी होण्याची शक्यता आहे.” हे पूर्ण खरं होतं. खांबाचा क्रमांक लिहिला (खांबावर रंगानं लिहिलेला असतो, तो आधी उतरवून घ्या, नाहीतर ‘कोणता खांब’ यावरच एक खेप जाते). ग्रामपंचायतीचं पत्र जोडलं. आणि दोन प्रती नेल्या. एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का मिळेपर्यंत खिडकीवरून हलले नाही. मागे रांग वाढली तशी पोच मिळाली.

तरीही काम केलं ते आमच्या भागाच्या वायरमननं. तरुण मुलगा आहे. कार्यालयातून निरोप गेला होता की नाही माहीत नाही, मीच त्याला गल्लीत गाठलं. रेडिओ त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, भाऊ, तूच ऐक. तो खांबाजवळ गेला, लांब गेला, परत जवळ आला. मग वर बघून म्हणाला, “वहिनी, बाइंडिंग ढिली आहे. तार इन्सुलेटरवर हालते.” बाइंडिंग म्हणजे तार इन्सुलेटरला बांधून ठेवणारी बारीक तार. इतके दिवस जे कोणाला समजावता आलं नाही ते त्याला पाच मिनिटांत कानानं समजलं. पुढच्या देखभालीच्या दिवशी परमिट घेऊन लाईन बंद केली, वर चढून जुनी बाइंडिंग कापली, इन्सुलेटर बदलला, नवी बांधली. खाली आल्यावर त्यानं मला जुना तुकडा दाखवला. तार जिथे घासत होती तिथे काळी पडून निम्म्यावर आली होती.

लाईन सुरू झाल्याबरोबर मी घरात पळाले. 963 वर दुपारच्या बातम्या चालू होत्या, मागे काहीही नाही. “आते बरं शे,” नाना म्हणाले, आणि मला गप्प बसायला सांगितलं, कारण बातम्या संपल्या नव्हत्या.

मला अभिमान आहे. हसणाऱ्या खिडकीपुढे मी मागे हटले नाही याचा.

आता राहिलेलं सांगते. खांबाला हात लावू नका, ताण्याची तार (खांबाला आधार देणारी तिरकी तार) हलवून बघू नका, पोरांना तर अजिबात जवळ येऊ देऊ नका. खालून ऐकायचं, वर जायचं काम त्यांचं. पाऊस पडला की घरघर थांबते आणि कोरड्या वाऱ्यात वाढते असं असेल तर ढिली तार किंवा ढिला नट समजा, आणि ही गोष्ट अर्जात लिहा, जाणकार वायरमनला लगेच कळते. पावसाळ्यात आपोआप गेली म्हणून सोडून देऊ नका, दिवाळीनंतर परत येईल. घरघर लाईट गेल्यावरही राहत असेल तर वीज कार्यालयात जाऊ नका, शेजाऱ्याचा इन्व्हर्टर किंवा सोलरचा डबा आधी बघा.

आणि नवा डिजिटल रेडिओ घेतला असेल आणि जळगाव सापडतच नसेल, तर सेटिंगमध्ये टप्पा 10 वर आहे का ते तपासा. आपल्याकडे मीडियम वेव्हची केंद्रं 9-9 किलोहर्ट्झच्या अंतरावर असतात. 10 वर ठेवला तर तो 960 वरून थेट 970 वर उडी मारतो आणि 963 मधल्या मध्ये राहतं. माझ्या भावानं असाच एक सेट बिघडलेला म्हणून परत करायला काढला होता.