पुटपुट, टकटक आणि पसारा

गोव्यात सकाळी पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजून जातो, पोई आणि उंडे टेबलावर येतात, आणि त्याच सुमाराला घरच्या ग्रुपवर ‘अतिहुशार माणसांच्या विचित्र सवयी’ येऊन पडतात. यादी साधारण ठरलेली. रात्री जागणं, स्वतःशी बोलणं, कागदावर गिरगटणं, बोटांनी टेबल बडवत राहणं, येरझाऱ्या घालणं, पसारा न आवरणं. हे मेसेज इतके फिरतात याचं कारण उघड आहे. ज्या सवयीवरून जन्मभर बोलणी खाल्ली, तिलाच इथे प्रमाणपत्र मिळतं. वेळेवर झोपणाऱ्या, टेबल आवरणाऱ्या माणसाला मात्र यादीत कुठेच जागा नसते.

या याद्यांचा घोटाळा असा, की त्या नुसती सवय बघतात. तिच्याआड चाललेलं काम बघत नाहीत. बोटं हलतात हे सगळ्यांना दिसतं. बोटांवर काय मोजलं जातंय, ते यादीत येत नाही.

जागरण आधी उरकून घेऊ, कारण त्यात फारसा दम नाही. झोपेच्या वेळा आणि बुद्धिमत्ता यांवरच्या अनेक अभ्यासांची एकत्र तपासणी २०११ साली प्रसिद्ध झाली. रात्री उशिरापर्यंत तरतरीत असणं आणि बुद्धीच्या चाचण्यांतले गुण यांचा सहसंबंध निघाला ०.०८. या आकड्याचा वर्ग केला की ०.००६४ येतो. म्हणजे माणसामाणसांतल्या फरकाचा शेकडा एक हिस्साही जागरणावरून समजत नाही. एवढ्या भांडवलावर पोरांनी दोन वाजेपर्यंत मोबाइल बघायचा असेल, तर पहाटे मालीमच्या धक्क्यावर मासळी उतरवणाऱ्या खलाशांना कुठल्या रांगेत बसवायचं?

स्वतःशी बोलण्याची गोष्ट निराळी. मुलं खेळताना स्वतःशी बडबडतात, आणि काम जितकं अवघड तितकी जास्त बडबडतात, हे रशियन मानसशास्त्रज्ञ लेव विगोत्स्की यांनी १९३०च्या सुमारालाच दाखवलं होतं. त्यांच्या मते पुढे हीच बडबड आत जाते आणि तिचा विचार होतो. मोठ्यांमध्ये ती पुन्हा बाहेर येते ती हरवलेली वस्तू शोधताना. गॅरी लुप्यान आणि डॅनियल स्विंगली या दोघांनी २०१२ साली हे तपासलं. समोर वीस वस्तूंची चित्रं, त्यांतली एक शोधायची. वस्तूचं नाव मोठ्याने घेणाऱ्यांना ती लवकर सापडली. मात्र त्यात एक अट निघाली. नाव घेतल्यावर जे रूप डोळ्यांपुढे येतं, तशीच ती वस्तू दिसायला हवी. तशी नसेल तर नाव घेतल्याने उलट उशीर होतो.

ही अट घरात रोज भेटते. ‘केळी, केळी’ म्हणत स्वयंपाकघरात शिरलात तर पिवळा रंग चटकन डोळ्यांत भरेल. पण ‘सुई-दोरा, सुई-दोरा’ म्हणत कपाट धुंडाळलंत, तर डोळे रीळ शोधत बसतील, आणि सुई-दोरा असतो बिस्किटांच्या निळ्या डब्यात. तिथे ‘निळा डबा, निळा डबा’ म्हणायला हवं. कोकमाच्या आगळाची बाटली, शिर्क्याची बाटली आणि खोबरेल तेलाची बाटली या तिन्ही एकेकाळच्या बिअरच्या बाटल्याच असतील, तर कुठलंही नाव घेऊन उपयोग नाही. बाटली उजेडात धरून रंग बघायचा. देवळाबाहेर पन्नास काळ्या छत्र्या टेकवलेल्या असतात, तिथेही ‘छत्री’ हा जप फुकट. मुठीला बांधलेल्या दोऱ्याचा रंग पुटपुटावा.

गोव्यात स्वतःशी बोलणारा माणूस दिसला तर लोक फार घाबरत नाहीत. जत्रेचं नाटक जवळ आलंय, एवढंच ते समजतात. गावच्या देवळाच्या मांडवात पालखीनंतर, मध्यरात्र उलटल्यावर उभं राहणारं मराठी नाटक करणारी मंडळी दिवसा बँकेत असतात, शाळेत असतात, काजूच्या भाटात असतात. पाठांतर होतं ते शेताच्या मेरेवरून चालताना, नाहीतर स्कूटरवर हेल्मेटच्या आत. यातलीही खुबी माहीत असावी लागते. नवखा नट फक्त आपली वाक्यं घोकतो. घरी ती पाण्यासारखी वाहतात आणि रंगमंचावर अडतात, कारण त्याला वाक्य पाठ असतं, ते कशावरून सुटायचं ते पाठ नसतं. मुरलेला नट समोरच्याच्या संवादातले शेवटचे तीन-चार शब्द, म्हणजे क्यू, समासात लिहून काढतो. आपल्या ओळींवर जाड कागद ठेवून आधी ते शब्द मोठ्याने म्हणतो आणि मग आपलं वाक्य. सुरुवातीला सपाट आवाजात, भाव न घालता. भाव आधीच चिकटवला तर समोरच्याने त्या रात्री वेगळा सूर लावला की वाक्यच निसटतं. आणि शेवटी घरातल्या कुणालातरी ते क्यू मधूनच, क्रम मोडून द्यायला सांगतो. क्रम मोडल्यावरही वाक्य आलं, तर ते पाठ झालं म्हणायचं. नाहीतर विंगेतला प्रॉम्प्टर आहेच; पण रात्री अडीच वाजता त्यालाही डुलकी लागलेली असू शकते.

एंट्रीच्या आधी पोटात गोळा येतो, तेव्हाही स्वतःशी बोलणं कामाला येतं. तिथे ‘मी’ न म्हणता स्वतःला नावाने हाक मारावी. ईथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवलं, की भाषणापूर्वी स्वतःला नावाने किंवा ‘तू’ म्हणून संबोधणाऱ्यांना घाबरणं जास्त सावरता आलं. मनाला ‘अरे मना’ म्हणून दटावणं मराठी माणसाला शिकवायला नको.

गिरगटण्यालाही असाच आधार आहे. जॅकी अँड्रेड यांनी चाळीस जणांना अडीच मिनिटांचा एक कंटाळवाणा टेलिफोन निरोप ऐकवला. निम्म्यांना कागदावरचे चौकोन आणि वर्तुळं रंगवत बसायला सांगितलं होतं. नंतर विचारलं, तेव्हा रंगवणाऱ्यांना २९ टक्के जास्त आठवलं. कंटाळलेलं मन भटकायला निघतं, त्याला एक बारकंसं काम देऊन दाराशी बसवून ठेवलं, असा याचा एक अर्थ लावतात. इथे चित्रकला अपेक्षित नाही, रेघोट्या हव्यात. रविवारच्या ग्रामसभेत गटारांवरची चर्चा दुसऱ्या तासात शिरली की अजेंड्याच्या पाठीवर ठिपके काढून जोडत बसावं. समोरच्या पंचाचं नाक काढायला घेतलंत तर सगळं लक्ष नाकावर जाईल आणि ठराव कधी संमत झाला ते कळणार नाही. पडद्यावर नकाशे दाखवत असतील तर पेन खाली ठेवलेलंच बरं, कारण डोळे एकाच वेळी दोन्हीकडे नसतात.

बोटांच्या टकटकीबद्दल बोलायचं तर गोव्यात खाप्रुमामांपासूनच सुरुवात करावी लागते. खाप्रुमामा म्हणजे तबलावादक लयभास्कर लक्ष्मण पर्वतकर. एका पायाने त्रिताल, दुसऱ्याने झपताल, एका हाताने धमार, दुसऱ्याने चौताल आणि तोंडाने सवारी, असं ते एकाच वेळी धरत, असं जाणकार सांगत आले. हे काय प्रकरण आहे ते आकडे मांडल्यावर समजतं. मात्रा अनुक्रमे १६, १०, १४, १२ आणि १५. पाचही ताल एका समेवर सुरू केले आणि मात्रेचा वेग सगळ्यांना सारखा ठेवला, तर पाचही समा पुन्हा एकत्र येतात १६८० मात्रांनी. सेकंदाला एक मात्रा धरली तर अठ्ठावीस मिनिटं. तेवढ्यात त्रितालाची १०५ आवर्तनं होतात आणि झपतालाची १६८. अशा माणसाची टकटक बाहेरून कुणालाही विचित्रच वाटली असती.

आपल्यासारख्यांनी एका हातावर एक ताल धरला तरी पुष्कळ झालं. प्रत्येक बोटाला तीन पेरं आणि एक टोक धरून चार जागा. चार बोटांच्या सोळा, म्हणजे त्रितालाच्या सोळा मात्रा. करंगळीपासून अंगठ्याने मोजत यायचं. करंगळीवर सम, अनामिकेवर पाचवी मात्रा, मधल्या बोटावर नववी म्हणजे काल (टाळी न देता रिकामी सोडायची मात्रा), तर्जनीवर तेरावी. झपतालाला ही सोय नाही. तो दोन-तीन-दोन-तीन असा तुटतो, म्हणून त्याला टाळीच बरी. चुकतं ते बहुतेक कालावर. तिथे डग्ग्याचा भरणा कमी होतो, कानाचा आधार सुटतो आणि अंगठा एक पेर गिळतो. दुसरी चूक वेगाची: गायकाने तान घेतली की बोटं पळायला लागतात. भजनाला मागे बसणारी म्हातारी माणसं मांडीवर हळूच थाप देत असतात ना, त्यांच्याकडे बघावं. तान कितीही धावो, थाप जागची हलत नाही. कदंबच्या बसमध्ये मात्र पुढच्या सीटच्या पाठीवर ताल धरू नये. तिथे बसलेल्याला तालाची गोडी असेलच असं नाही.

येरझाऱ्यांचा गोव्याशी संबंध दामोदर धर्मानंद कोसंबींमुळे. ३१ जुलै १९०७ला गोव्यात जन्मलेला हा गणिती पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायी तुडवायचा, तो हातात टोकाला लोखंडी छिन्नी बसवलेली काठी घेऊन. जमिनीत अडकलेली दगडी हत्यारं उचकटायला ती बरी पडे. चांदीची प्राचीन आहत, म्हणजे ठसे मारलेली, नाणी हजारोंनी तोलणं ही त्यांची दुसरी ‘विचित्र सवय’. त्यासाठी आधी त्यांनी चालू चलनातली साधी नाणी तोलून बघितली: हातोहात फिरताना नाणं किती झिजतं? तक्षशिलेच्या नाण्यांवर मागच्या बाजूचे बारीक ठसे जितके जास्त, तितकं सरासरी वजन कमी भरलं. त्यावरून ते ठसे म्हणजे मधूनमधून नाणी तपासल्याच्या खुणा असाव्यात, असं त्यांनी मांडलं. तराजूपाशी बसलेला माणूस शेजाऱ्यांना छांदिष्टच वाटला असेल. चालण्याचं म्हणाल तर स्टॅनफर्डच्या २०१४च्या प्रयोगांत चालताना नव्या कल्पना जास्त सुचल्या, अगदी खोलीत ट्रेडमिलवर भिंतीकडे तोंड करून चालतानाही. पण एकच अचूक उत्तर शोधायच्या कोड्यांत चालणारे किंचित मागे पडले. तेव्हा लग्नाच्या पत्रिकेचा मजकूर मिरामारच्या वाळूत फिरताना सुचवावा, पाहुण्यांच्या जेवणाचा हिशेब बसूनच करावा.

राहिला पसारा. मिनेसोटा विद्यापीठातल्या कॅथलीन व्होस यांच्या २०१३च्या प्रयोगांत पसरलेल्या खोलीत बसलेल्यांनी पिंगपाँगच्या चेंडूचे जास्त अनोखे उपयोग सुचवले. नीटनेटक्या खोलीतल्यांनी सफरचंद जास्त निवडलं आणि दान जास्त दिलं. बुद्धिमत्ता कुणाचीच मोजली नव्हती, पण मेसेज लिहिणाऱ्याला तेवढी फुरसत कुठली. सोबत आइन्स्टाइनच्या टेबलाचा फोटो असतोच. तो त्यांच्या मृत्यूच्या दिवशी, १८ एप्रिल १९५५ला प्रिन्स्टनमध्ये काढलेला. प्रिन्स्टनला आपल्यासारखा जुलै नसतो हे तिथे विसरलं जातं. इथे चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला टेकवलेला कागदांचा ढीग पंधरवड्यात खालून ओलावतो, बुरशी धरतो, आणि वाळवी मातीची नळी काढून थेट मधल्या थरात शिरते. डांबराच्या गोळ्या कसरीला थोपवतात, बुरशीला नाही. पसारा ठेवायचाच असेल तर भिंतीपासून वीतभर दूर, पाय असलेल्या टेबलावर, आणि आठवड्यातून एकदा ढीग उचलून तळ बघायचा. हातचं काम नेहमी ढिगाच्या वरच राहतं, हा पसाऱ्याचा खरा फायदा. म्हणून चवथीआधी घर रंगवायला निघालं की वरचे चार बोटं कागद मुकाट्याने उचलून पत्र्याच्या ट्रंकेत टाकावेत. आवरणाऱ्या माणसाला त्या वेळी मिनेसोटातला प्रयोग समजावून सांगायला जाऊ नये.