एका खाटेला सव्वापाच नर्स

सरकारी आरोग्यसेवेवर जास्त खर्च व्हावा का, असं विचारलं की बहुतेक हात वर जातात. त्यासाठी तुमचा कर किंवा विम्याचा हप्ता वाढवला तर चालेल का, असं विचारलं की त्यातले बरेच हळूच खाली येतात. मला यात लोकांचा दुटप्पीपणा दिसत नाही. पहिल्या प्रश्नाला कुणी किंमतच लावलेली नसते.

आयसीयूची एक खाट घ्या. व्हेंटिलेटरवरच्या एका रुग्णामागे चोवीस तास एक नर्स, असं प्रमाण धरू. आठवड्याचे तास १६८. एका नर्सची ड्युटी आठवड्याला ४० तास, म्हणजे लागल्या ४.२ नर्स. रजा, आजारपण, बाळंतपण, प्रशिक्षण यांत वीस टक्के तास जातात असं धरलं तर ४.२ भागिले ०.८, म्हणजे सव्वापाच. दहा खाटांना बावन्न-त्रेपन्न. यात डॉक्टर, तंत्रज्ञ, सफाई कर्मचारी अजून आलेलेच नाहीत. खाट एकदा घेतली की झालं, पगार मात्र दर महिन्याला द्यावा लागतो. उद्घाटनाची फीत खाटेला बांधता येते, पगारपत्रकाला नाही. म्हणून देणगीही खाटेलाच मिळते. मोठ्या यंत्रांचंही तेच. सीटी स्कॅनची एक्स-रे ट्यूब झिजते, ती बदलणं महागात जातं, आणि देखभालीच्या कराराची तरतूद केलेली नसेल तर वॉरंटी संपल्यावर पहिल्या मोठ्या बिघाडाला मशीनवर कापड पडतं.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. आश्वासन आणि निधी यांत जे अंतर उरतं ते कुठे ना कुठे बाहेर पडतंच: रांग, शुल्क किंवा यादी, म्हणजे कोणते उपचार मिळतील आणि कोणते नाही याची.

रांगेचं गणित फारसं कुणी मांडत नाही. तपासणीचं एकच टेबल आहे, एका रुग्णाला सरासरी दहा मिनिटं लागतात, रुग्ण वाटेल तेव्हा येतात आणि कुणाला कमी तर कुणाला जास्त वेळ लागतो. रांगांच्या सगळ्यात साध्या सूत्रानुसार टेबल ८० टक्के वेळ व्यग्र असेल तर सरासरी ४० मिनिटं थांबावं लागतं. ९० टक्क्यांना ९० मिनिटं. ९५ टक्क्यांना १९० मिनिटं! म्हणजे शेवटचे पाच टक्के ‘वाचवले’ आणि प्रत्येकाच्या माथी एक तास चाळीस मिनिटं मारली. रिकामा दिसणारा वेळ लेखापरीक्षणात उधळपट्टी ठरतो, आणि तोच कापला की लोक रांगेबद्दल ओरडतात. थोडा उतारा आहे: तीन टेबलांना तीन रांगा लावण्याऐवजी एकच सामाईक रांग लावायची. त्यात पैसे लागत नाहीत. पण रुग्णच वाढले तर तेही पुरत नाही.

शुल्काचा मोह सरकारांना लवकर होतो. ब्रिटनमध्ये १९४८ साली सरकारी आरोग्यसेवा मोफत सुरू झाली. १९५१ मध्ये चष्मे आणि कवळ्यांवर शुल्क लावायचं ठरलं तेव्हा ती सेवा उभी करणाऱ्या अन्यूरिन बेव्हन यांनी मंत्रिपद सोडलं. पुढच्याच वर्षी औषधांच्या चिठ्ठीवरही शुल्क आलं. शुल्काने गर्दी कमी होते, पण कोणती? अमेरिकेत रँड या संशोधन संस्थेने १९७० च्या दशकात सुरू केलेल्या आरोग्यविम्याच्या प्रयोगात दिसलं की खिशातून पैसे द्यावे लागले की लोक अनावश्यक आणि आवश्यक, दोन्ही उपचार सारखेच टाळतात. उच्च रक्तदाब असलेल्या गरिबांना मोफत सेवेचा फायदा झाला होता, म्हणजे शुल्क नेमकं त्यांच्याच मुळावर येतं.

यादी करणं सगळ्यात प्रामाणिक, आणि सगळ्यात अवघड. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने गरिबांसाठीच्या आरोग्य योजनेतून अवयव आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा खर्च थांबवला. तो पैसा गरोदर स्त्रियांच्या तपासण्यांकडे वळवायचा होता. ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) झालेला सात वर्षांचा एक मुलगा प्रत्यारोपणाविना गेला आणि गदारोळ उठला. त्या तपासण्यांनी जी बाळं वाचणार होती त्यांना चेहरा नव्हता, म्हणून त्यांच्या बाजूने कुणी ओरडलं नाही. नंतर तिथे उपचारांची क्रमवारी लावली गेली. १९९० च्या पहिल्या मसुद्यात दाताला कॅप बसवणं अपेंडिक्सच्या ऑपरेशनच्या वर निघालं, कारण खर्चाच्या मानाने फायदा मोजला की स्वस्त उपचार आपोआप वर सरकतो. यादी दुरुस्त करावी लागली. सूत्र हवंच, पण ते चालवून आलेला निकाल वाचून पाहणारं माणूसही हवं.

म्हणून लोकांना विचारायचंच तर प्रश्नात चार गोष्टी घालाव्यात: दर कुटुंबामागे वर्षाला किती जास्त द्यावे लागतील, पाचव्या वर्षी चालू खर्च किती असेल, त्याच पैशात दुसरं काय झालं असतं, आणि पैसे कमी पडले तर आधी काय बंद होईल. चौथा मुद्दा हमखास गाळला जातो. ‘फक्त आरोग्यासाठी’ असा वेगळा कर लावला तर लोक तयार होण्याची शक्यता वाढते, हे खरं. पण मंदीत त्याची वसुली घटते आणि नोकऱ्या गेलेली माणसं त्याच वेळी सरकारी ओपीडीत येतात. त्यामुळे असा कर लावताना बऱ्या वर्षांतली शिल्लक वेगळ्या राखीव निधीत टाकण्याची अट कायद्यातच घालावी लागते, नाहीतर ती दुसऱ्या खात्याकडे वळते.