आबांनी कॅमेरा गिळला

आबा म्हणजे माझे मोठे काका, वय ६७, गाव अमळनेर तालुक्यात. मागच्या हिवाळ्यात हिमोग्लोबिन ८ वर आलं, घरात सगळे म्हणे खाण्याकडे लक्ष नाही, पण डॉक्टर बोलले की या वयात पुरुषाचं रक्त असं उतरलं की आतड्यात कुठे झिरपतंय का ते बघायलाच लागतं. मग कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं बघायचं. ती अर्ध्यातच थांबली, पोटाचं जुनं ऑपरेशन, आतडी चिकटलेली, नळी पुढे सरकेचना. बिल मात्र पूर्ण घेतलं, जाऊ द्या.

दुसऱ्या डॉक्टरांनी कॅमेऱ्याची कॅप्सूल सांगितली. आबा म्हणे, "कॅमेरा गिळाना शे? आन् मंग निंघी कथाइन?" डॉक्टर हसले, म्हणे जिथून सगळं निघतं तिथूनच. धुऊन परत द्यायचा का, हा पुढचा प्रश्न. नाही आबा, एकदाच वापरायचा असतो.

क्षेपणास्त्रांवर काम करणाऱ्या गॅव्ह्रिएल इद्दान नावाच्या इस्रायली इंजिनिअरच्या डोक्यातून हे निघालं, २००१ मध्ये अमेरिकेत लहान आतड्यासाठी मंजुरी मिळाली, आणि मोठ्या आतड्याच्या कॅप्सूलला २०१४ मध्ये, तीही आबांसारख्या कोलोनोस्कोपी अर्धवट राहिलेल्यांसाठी. आधी स्कॅन करून आतडं कुठे अरुंद नाही ना ते पाहिलं, कारण कॅप्सूल आत अडकली तर नसता ताप, आणि ती बाहेर पडेपर्यंत एमआरआय पण करता येत नाही.

मला वाटलेलं गोळी गिळली की झालं. कसलं काय! पोट साफ करायचं काम नळीपेक्षा जास्त, कारण नळीवाला डॉक्टर पाणी मारून घाण ओढून घेतो, कॅप्सूल बिचारी काय करणार, समोर दिसेल त्याचा फोटो. ऐन भरिताच्या दिवसात भरीत बंद, वांग्याच्या बिया आतड्याला चिकटून बसतात म्हणे. आदल्या रात्री पावडरचं ते खारट गुळमट पाणी, पहाटे परत तेच, आणि कॅप्सूल पोटातून पुढे गेल्यावर तिला ढकलायला अजून एक डोस. आबा तांब्या हातात घेऊन नुसते माझ्याकडे बघत होते.

कॅप्सूल तळहातावर घेतली तर दोन दाण्यांच्या भुईमुगाच्या शेंगेएवढी, ३ सेंटिमीटरच्या थोडी वर, दोन्ही टोकांना कॅमेरा, लुकलुकतेय. आबांनी डोळे मिटले, घोटभर पाणी, गट्ट. कमरेला पट्टा आणि रेकॉर्डर. सरकण्याच्या वेगाप्रमाणे ती सेकंदाला ४ ते ३५ फोटो काढते, नंतर डॉक्टर बसून ते सगळं बघतात. भूल नाही, हवा भरणं नाही, आबा दिवसभर वॉर्डात येरझाऱ्या घालत होते.

उजव्या बाजूला पॉलिप दिसला, म्हणजे आतड्याच्या आतल्या भिंतीवर वाढलेली छोटी गाठ. आणि इथेच मेख आहे. कॅप्सूलला फक्त दिसतं, तुकडा घेता येत नाही की पॉलिप कापता येत नाही, म्हणजे परत ती पावडर, परत नळीच. यावेळी नाशिकला गेलो, सराईत हात होता, नळी शेवटपर्यंत गेली आणि पॉलिप तिथल्या तिथे निघाला. बायोप्सीत कॅन्सर नाही, पण असाच राहिला असता तर काही वर्षांत झाला असता कदाचित. मला कोणी विचारलं तर मी सांगेन, नळी जात असेल तर सरळ नळीच करा, एकाच फेऱ्यात काम होतं.

आबा आता पारावर रोज कॅमेऱ्याची गोष्ट सांगतात, लोक पण तोंड उघडं टाकून ऐकतात. नळीचं नाव नाही काढत.