केबलच्या वेष्टनावरचा आकडा

नव्या घरात किंवा कार्यालयात संगणक जोडणाऱ्या नेटवर्क केबलचे वायरिंग सुरू झाले की ‘कॅट ६ घ्यावी, की थेट कॅट ८ टाकून मोकळे व्हावे?’ हा प्रश्न हमखास येतो. आकडा मोठा म्हणजे केबल सरस, हा समज ऑनलाइन विक्रेत्यांनी चांगलाच रुजवला आहे. वस्तुतः ‘कॅट’ म्हणजे कॅटेगरी, आणि ही श्रेणी केबल किती वारंवारतेपर्यंत तपासली गेली आहे एवढेच सांगते. अशा केबलसाठीचे टीआयए या अमेरिकी दूरसंचार उद्योग संघटनेचे टीआयए-५६८ हे मानक १९९१ साली प्रथम आले. त्याच्या जोडीला आयएसओ/आयईसी ११८०१ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे.

कॅट ५ई १०० मेगाहर्ट्झपर्यंतची असून शंभर मीटरवर एक गिगाबिट वेग बिनतक्रार देते. कॅट ६ ची मर्यादा २५० मेगाहर्ट्झ आहे आणि तिच्यावर दहा गिगाबिट चालते, पण फार तर ५५ मीटरपर्यंत. पूर्ण शंभर मीटर हवे असतील तर कॅट ६ए घ्यावी लागते. कॅट ८ दोन हजार मेगाहर्ट्झपर्यंत जात असली तरी तिची लांबी ३० मीटरवर संपते, कारण ती डेटा सेंटरमधील सर्व्हरच्या जवळजवळच्या रॅकसाठी आखलेली आहे. कॅट ७ ला टीआयएने कधी मान्यताच दिली नाही आणि आंतरराष्ट्रीय मानकात तिच्यासाठी वेगळे कनेक्टर आहेत, त्यामुळे नेहमीचा आरजे-४५ कनेक्टर लावून विकल्या जाणाऱ्या ‘कॅट ७’कडे मी तरी संशयानेच पाहतो. घरासाठी माझे मत विचाराल तर शुद्ध तांब्याची कॅट ६ पुरेशी आहे.

मात्र वेष्टनावरच्या आकड्याइतकेच टोकाला केलेले पंचिंग, म्हणजे तारांची जोडणी, महत्त्वाचे असते. केबलमधील चारही जोड्यांना वेगवेगळ्या प्रमाणात पीळ दिलेला असतो आणि त्या पिळामुळेच एका जोडीतील संदेश दुसरीत फारसा झिरपत नाही; ग्रॅहम बेल यांनी अशा पीळदार जोडीचे पेटंट १८८१ सालीच घेतले होते. आयओ बॉक्समध्ये, म्हणजे भिंतीवरच्या नेटवर्क सॉकेटमध्ये, तारा बसवताना हा पीळ १३ मिलिमीटरहून अधिक उलगडू नये, असा कॅट ६ साठी दंडक आहे. तारांच्या रंगांचा ठरलेला क्रम टी५६८ए असो वा टी५६८बी, दोन्ही टोकांना एकच असला की झाले. काही कारागीर मात्र नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी अशा जोड्या शेजारी शेजारी बसवून मोकळे होतात. तसे केले की एकाच जोडीसाठी असलेल्या तीन आणि सहा क्रमांकाच्या पिनांवर दोन निराळ्या जोड्यांच्या तारा येतात आणि पिळाचा उपयोगच उरत नाही. दिव्यांचा साधा टेस्टर हा दोष पकडत नाही, कारण आठही तारा सलग असल्याने आठही दिवे नेटके लागतात. तक्रार सुरू होते ती अंतर वाढल्यावर.

दुसरा घोटाळा धातूचा. बाजारात ३०५ मीटर केबलचा बॉक्स संशय यावा इतक्या स्वस्तात मिळाला, तर आत बहुधा तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम असते, जे या मानकांना मुळीच मान्य नाही. ब्लेडने तार खरवडल्यावर आतून पांढरा धातू दिसला की ओळख पटते. बॉक्सही उचलताना हलका लागतो. अशा तारेचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो आणि त्याचा फटका केबलमधूनच वीज देणाऱ्या पीओईला बसतो. सोसायटीच्या पार्किंगमधील शेवटचा कॅमेरा दिवसभर व्यवस्थित चालतो आणि अंधार पडताच पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होऊ लागतो, तो याचमुळे: रात्री त्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, विजेचा प्रवाह वाढतो आणि लांबच लांब तारेत विजेचा दाब इतका घटतो की कॅमेऱ्याला तो पुरत नाही. दोष मात्र कॅमेऱ्यालाच दिला जातो.

दोन इमारती जोडायच्या असतील तर तांब्याचा विचार न करता सिंगल मोड फायबर, म्हणजे काचेच्या तंतूतून प्रकाशाने संदेश नेणारी केबल, टाकावी. वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली, तर तांब्याच्या तारेतून दोन्हीकडचे नेटवर्क स्विच एकदमच जळू शकतात. फायबरच्या काचेतून वीज वाहत नाही; फक्त त्या केबलला लोखंडी कवच असेल, तर ते इमारतीत शिरण्यापूर्वी नीट अर्थिंगला जोडून घ्यावे लागते.