साटंलोटं

एका स्थानिक प्रदर्शनासाठी भोसले घराण्याचा वंशवृक्ष करून द्यायचं काम माझ्याकडे होतं. छापून आलेला फलक उद्घाटनाच्या आदल्या दुपारी उलगडला आणि पोटात गोळा आला. मालोजी, शहाजी, शिवाजी, संभाजी, राजाराम. फांद्यांवर नुसते बाप्ये! छापणाऱ्याला बोल लावायची सोय नव्हती, मजकूर माझाच होता.

मग प्लायवूडची फळी, खिळे आणि रंगीत दोरे घेऊन बसले. घराण्याला खिळा, लग्नाला दोरा. मालोजींची बायको फलटणच्या निंबाळकरांची. नातवासाठी, म्हणजे शिवाजी महाराजांसाठी, १६४० मध्ये सईबाई आल्या त्याही तिथल्याच. परतीचा दोरा त्यांच्या लेकीचा: सखूबाईंना मामाच्याच घरी, बजाजींच्या महादजींना दिलं. बजाजी विजापूर दरबारी मुसलमान होऊन पुन्हा स्वधर्मात आलेले. त्यांच्या घरी खुद्द महाराजांची मुलगी गेल्यावर पंगतीत कोण कुरकुरणार?

शृंगारपूरच्या शिर्क्यांकडे मात्र दोन दोरे आमनेसामने निघाले. पिलाजींची येसूबाई संभाजीराजांना, महाराजांची राजकुंवर पिलाजींच्या गणोजींना. खिळे ठोकणारे सुतारकाका हातोडी धरून थांबले.

"हे तर साटंलोटं. आमचंबी तसंच हाय ताई. तिकडं बहिणीला कुणी बोललं की हिकडं बायकोचं तोंड उतरायचं. अन् मी हिच्यावर आवाज चढवायच्या आत मला बहीण आठवायची."

'राजकीय सोयरीक' हा शब्द मी इतकी वर्षं लिहीत आले, पण त्यातली ही गोम मला कुणी सांगितली नव्हती.

"मग टिकलं का ह्यांचं?"

टिकलं कुठलं! दाभोळच्या वतनावरून दुखावलेले गणोजी मोगलांना जाऊन मिळाले. मोहित्यांचा दोराही असाच फसवा. १६८० मध्ये, महाराज गेल्यावर, त्यांच्या राणी, मोहित्यांच्या सोयराबाई, आपल्या मुलाला, राजारामांना, गादीवर बसवू पाहत होत्या, आणि त्यांचेच सख्खे भाऊ, सरसेनापती हंबीरराव, सख्ख्या भाच्याला सोडून संभाजीराजांच्या बाजूने उभे राहिले.

पण गणोजींचं प्रकरण तिथं संपत नाही. दूर दक्षिणेत, तमिळ मुलखात, मोगलांनी जिंजीच्या किल्ल्याला घातलेल्या वेढ्यातून राजारामांना बाहेर काढायला हेच मोगलांकडचे मेहुणे उपयोगी पडले. अर्थात फुकट नाही. राजारामांचे चिटणीस खंडो बल्लाळ यांनी दाभोळचं आपलं वतन त्यांना लिहून दिलं, तेव्हा.

"दोरा तुटला नव्हता म्हणायचा," काका म्हणाले. "जिंजी कुठं ठोकू?"

फळी खाली संपली होती. शेवटी जिंजीचा खिळा चौकटीवर ठोकला.